वानगी आणि ठेव : औंधच्या टेकडीवरील संग्रहालयाविषयी

बाभुळगावात चित्रसंग्रहालय नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी ते नाही, आणि नसल्याची खंत कुणी बोलून दाखविल्याचेही ऐकिवात नाही. धामणगावच्या रेल्वे स्थानकावर उतरून यवतमाळकडे जाणाऱ्या माणसाला वाटेत हे गाव लागते. काळी जमीन, कापूस, तूर, आठवडी बाजार आणि पलीकडे बेंबळेच्या धरणाचे पाणी, एवढे पाहून तो पुढे निघून जातो. अशा गावात चित्र म्हणून जे काही माणसाच्या दृष्टीस पडत आले, त्याची यादी फार लांब नाही. देव्हाऱ्यातली तसबीर, दुकानदाराने दिवाळीला दिलेले कॅलेंडर, पोळ्याला रंगवलेली बैलांची शिंगे, मारुतीच्या देवळाची भिंत आणि शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी चित्रकलेच्या शिक्षकांनी फळ्यावर काढून दाखविलेले स्थिरचित्र. मूळ चित्र, म्हणजे ज्यावर चित्रकाराचा हात प्रत्यक्ष फिरला आहे असे चित्र, पाहायचे तर नागपूर गाठावे लागे.

ही यादी दारिद्र्याची आहे असे मी मानत नाही. देव्हाऱ्यातल्या त्या तसबिरीला केवढा इतिहास आहे! राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला, आणि राजवाड्यांत अडकलेल्या लक्ष्मी-सरस्वती त्यानंतर घरोघर पोचल्या. पण छापील प्रत घरी येणे आणि मूळ कृतीसमोर उभे राहणे हे दोन वेगळे अनुभव आहेत. पहिला खेड्याला मिळाला. दुसरा शहरासाठी राखून ठेवला गेला. हे असे का झाले, आणि याच्या उलट घडविण्याचा प्रयत्न आपल्याकडे कुणी केला का, हा या लेखाचा विषय आहे.

प्रदर्शन ही कल्पना आपल्याकडे आली ती कलेचे बोट धरून आली नाही. व्यापाराचे बोट धरून आली. लंडनमध्ये १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानचा मोठा विभाग होता. पाठोपाठ १८५५ मध्ये पॅरिसला तसेच प्रदर्शन झाले. या प्रदर्शनांसाठी मुंबई इलाख्यातून ज्या वस्तू गोळा केल्या गेल्या, त्यांच्या दुसऱ्या नगांतून मुंबईत एक संग्रह उभा राहिला. १८५७ च्या धामधुमीत लष्कराला जागा हवी झाली तेव्हा तो संग्रह विस्कटला, पुन्हा जमविला गेला आणि १८७२ मध्ये भायखळ्याच्या इमारतीत लोकांसाठी खुला झाला. आज त्याला आपण डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो. त्यात काय होते? कापूस, लाकूड, धान्य, कातडी, मातीची भांडी, विणकराचे कापड. आमच्याकडच्या बाजारात याला एक नेमका शब्द आहे : वानगी. मूठभर माल पुढे करायचा आणि त्यावरून बाकीच्या गाडीचा भाव ठरवायचा. वानगी कुणी सौंदर्यासाठी पाहत नाही.

विदर्भात हेच घडले, आणि कापसामुळे अधिक ठळकपणे घडले. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ मध्ये स्थापन झाले. लोकांनी त्याचे नाव ठेवले अजब बंगला. सर रिचर्ड टेंपल तेव्हा मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते. त्यांच्याच कारकिर्दीत, डिसेंबर १८६५ मध्ये, नागपुरात कला, कारागिरी आणि उत्पन्नाचे मोठे प्रदर्शन भरले. काळ लक्षात घ्यावा. अमेरिकेतले यादवी युद्ध त्याच वर्षी संपले होते, युद्धाच्या चार वर्षांत वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव मिळाला होता, आणि मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरकडे सरकत होता. तो १८६७ मध्ये पोचला. प्रदर्शनातल्या 'कला' या शब्दाला 'कारागिरी' आणि 'उत्पन्न' हे दोन शब्द चिकटलेले होते, त्याचे कारण या काळात आहे. विणकराच्या धोतरजोडीकडे आणि शेतकऱ्याच्या कापसाकडे एकाच नजरेने पाहिले जात होते. ही नजर वानगी पाहणाराची होती.

त्याच नागपुरातली आणखी एक हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून नागपुरात होता. धर्मप्रसार आणि शाळा यांच्या जोडीने त्याने या मुलखातले जीवाश्म, खडक आणि गोंडांसारख्या आदिवासींच्या भाषा व चालीरीती यांचा अभ्यास चालविला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना तो पुराच्या पाण्यात बुडाला. घोडा एकटाच माघारी आला. त्याने जमविलेले महत्त्वाचे जीवाश्म लंडनला गेले. मांगलीच्या दगडात सापडलेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीला रिचर्ड ओवेनने १८५५ मध्ये 'ब्रॅकिऑप्स' हे नाव दिले, तेही लंडनमध्येच. हिस्लॉपच्या जिज्ञासेविषयी आदर बाळगूनही हे नमूद करावे लागते की वस्तू येथली, तिचे नाव तेथले, आणि ती पाहायला मिळण्याचे ठिकाणही तेथलेच.

तेथे ती सुरक्षित राहिली असती तर एक वेळ समाधान मानता आले असते. अजिंठ्याच्या प्रतिकृतींचे काय झाले ते पाहा. मेजर रॉबर्ट गिल १८४० च्या दशकात अजिंठ्याला आला आणि वर्षानुवर्षे त्या लेण्यांत बसून त्याने भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या तैलप्रती केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या, आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या हिंदी विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्याच्या हंगामात अजिंठ्याला जाऊ लागले. पुन्हा प्रती झाल्या, पुन्हा त्या लंडनला पाठविल्या गेल्या, आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्याही पुष्कळ नष्ट झाल्या. चाळीस वर्षांचे श्रम दोन आगींत गेले. ज्या मुलखातली ती चित्रे, त्या मुलखातल्या माणसांना मात्र यांतली एकही प्रत कधी पाहायला मिळाली नव्हती.

एकोणिसाव्या शतकाचा हा प्रवाह असा एका दिशेने वाहत होता : खेड्यातून शहराकडे, शहरातून बंदराकडे, बंदरातून समुद्रापार. तो उलटा वळविण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात एकाच सुमारास दोन ठिकाणी दिसते. त्या दोन ठिकाणांची तुलना करणे उद्बोधक आहे.

पहिले ठिकाण फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले, आणि ते खेडे खानदेशातले होते. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. पण अधिवेशनाच्या दृश्यरूपाची सूत्रे शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे गांधींनी सोपविली होती. गांधींची अट साधी आणि अवघड होती : गावात आणि गावाभोवती जे मिळते, त्यातच सारे उभे राहिले पाहिजे. बांबू, चटया, गवत, माती आणि गावच्या कारागिरांचे हात एवढ्या भांडवलावर कमानी, मंडप आणि प्रदर्शन उभे राहिले. दीड वर्षाच्या आत, फेब्रुवारी १९३८ मध्ये, तापीकाठी हरिपुरा येथे पुढचे ग्रामीण अधिवेशन झाले. त्यासाठी नंदलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर शेकडो चित्रे रंगविली : सुतार, चांभार, पिंजारी, वाजंत्री, बैलाला आवरणारा गडी, धान्य कांडणाऱ्या बाया. ती प्रवेशद्वारांवर आणि राहुट्यांवर लावली गेली. अधिवेशनाला आलेल्या शेतकऱ्याला चित्र पाहण्यासाठी दालनात शिरायची गरज उरली नाही. येता-जाता ते त्याच्या डोळ्यांसमोर होते, आणि त्यात तो स्वतःच होता.

प्रदर्शनाच्या इतिहासातला हा मोठा क्षण आहे. वानगी म्हणून ज्याचा माल मांडला जात होता, तो कुणबी आणि तो कारागीर येथे प्रथमच पाहणारा म्हणून गृहीत धरला गेला. पण हंगाम संपला की मांडव उतरतात. फैजपूरचा बांबू पुन्हा बांबू झाला. हरिपुऱ्याची नंदलालांची चित्रे आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे भूषण आहेत. म्हणजे खेड्यासाठी काढलेली चित्रे अखेर राजधानीत गेली. ती जतन झाली हे उत्तमच झाले. तरी प्रवाहाची जुनी दिशा किती बलवत्तर होती, हेही त्यातून कळते.

दुसरे ठिकाण औंध. सातारा जिल्ह्यातले हे गाव पूर्वी एका चिमुकल्या संस्थानाची राजधानी होते. बहात्तर गावांचे ते संस्थान, तेही सलग नव्हे, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. १९०९ मध्ये त्याच्या गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आज बहुतेकांना ठाऊक आहेत ते सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते. त्यांचे 'चित्र रामायण' १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घ्यावी म्हणून त्यांनी १९१८ मध्ये एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले, आणि त्या आवृत्तीत चित्रे असावीत असा आग्रहही धरला. पाठभेदांच्या त्या कठोर ग्रंथात चित्रे कशाला, असा प्रश्न पंडितांना पडला असेल. बाळासाहेबांना तो पडला नाही. कथा डोळ्यांना दिसली पाहिजे, ही त्यांची श्रद्धा होती. अजिंठ्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३२ मध्ये निघाला.

या माणसाने १९३८ मध्ये यमाईच्या डोंगराच्या उतारावर श्री भवानी संग्रहालय उभारले. त्याला हे संग्रहालय पुण्यात किंवा मुंबईत उभारता आले असते. संग्रहाच्या कीर्तीला तेच सोयीचे होते. त्याने ते मूळपीठाच्या वाटेवर बांधले. डोंगरावर यमाईचे मूळ ठाणे, पायथ्याशी गाव, आणि दोहोंच्या मध्ये चित्रे. देवीला जाणारा माणूस वाटेत थांबेल, हा त्यामागचा हिशेब उघड आहे. कलादालनाची जागा ठरविताना संस्थानिकाने जत्रेकरूंच्या पायवाटेचा विचार केला, ही गोष्ट मला त्या इमारतीतल्या कोणत्याही एका चित्राहून महत्त्वाची वाटते.

आत काय आहे? राजा रविवर्मा आहे, महादेव विश्वनाथ धुरंधर आहेत, कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आहेत, बंगाल शैलीची कामे आहेत, जुनी लघुचित्रे आहेत, युरोपीय कृतींच्या प्रतिकृती आहेत, हस्तिदंती आणि चंदनी कोरीवकाम आहे. माधव सातवळेकरांची चित्रे आहेत. त्यांचे वडील पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे वेदाभ्यासक आणि मुळात चित्रकारच. १९१८ पासून ते औंधास राहत होते. आणि या सर्वांमध्ये हेन्री मूरचे 'आई आणि मूल' हे दगडी शिल्प आहे. विसाव्या शतकातल्या शिल्पकलेचा चेहरामोहरा ज्यांनी पालटला त्यांच्यापैकी एकाची कृती सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका डोंगरउतारावर असावी, याचे नवल बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला वाटते. मला त्यात नवलापेक्षा न्याय अधिक दिसतो. हिस्लॉपचे जीवाश्म आणि गिलच्या प्रती ज्या वाटेने गेल्या, त्याच वाटेने उलट एक दगड इकडे आला. तो वानगी म्हणून आला नाही. त्यावरून कोणत्याही मालाचा भाव ठरायचा नव्हता.

आता या संग्रहाविषयी जी शंका घेतली जाते, तिचाही विचार केला पाहिजे. हा एका माणसाच्या आवडीचा संग्रह आहे. त्यात थोरामोठ्यांच्या कृतींशेजारी सामान्य कामे बसली आहेत, अस्सलाशेजारी नक्कल बसली आहे. कठोर समीक्षक म्हणेल, यात निवड नाही. हे खरे आहे. पण संग्रहालय कुणासाठी, या प्रश्नाचे उत्तर बदलले की निवडीचे मापही बदलते. ज्याला आयुष्यात फ्लॉरेन्स पाहायला मिळणार नाही, त्याच्यासाठी चांगल्या हाताने केलेली नक्कल हीच पहिली ओळख असते. शाळेत आम्ही स्थिरचित्र शिकलो तेही फळ्यावरच्या नकलेतून. नक्कल हा शेवट मानला तर ती दरिद्री ठरते. उंबरठा मानली तर तिचे काम चोख होते.

दुसरी शंका अधिक खोल आहे. राजाने प्रजेला चित्रे दाखविणे हा दातृत्वाचा सोहळा नव्हे काय? मांडणाऱ्याच्या हाती सत्ता आणि पाहणाऱ्याच्या हाती केवळ कृतज्ञता, असे असेल तर प्रवाहाची दिशा बदलली म्हणून फारसे काही बदलत नाही. या शंकेचे उत्तर संग्रहालयाच्या भिंतीबाहेर शोधावे लागते, आणि योगायोग असा की ते आमच्या विदर्भात सापडते. ज्या वर्षी संग्रहालय उभे राहिले, त्याच वर्षी बाळासाहेबांनी आपले राज्याधिकार प्रजेच्या हाती सोपविण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन हे त्या योजनेचे कर्ते. त्यासाठी ही मंडळी सेवाग्रामला गांधींकडे आली. वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम बाभुळगावाहून फार दूर नाही. तेथल्या मातीच्या झोपडीत औंधच्या घटनेवर चर्चा झाली. मतदार साक्षर असावा असे गांधींनी सुचविले, तर साक्षरतेची जबाबदारी ओघाने राज्यावर आली. पंचायतींवर आधारलेली ती घटना २१ जानेवारी १९३९ रोजी लागू झाली.

मतासाठी अक्षर, असा तो विचार होता. त्याच्या शेजारी संग्रहालय ठेवून पाहिले की बाळासाहेबांच्या मनातली संगती लागते. राज्य चालविणाऱ्या माणसाला वाचता आले पाहिजे, तसेच पाहताही आले पाहिजे. घटना आणि संग्रहालय ही त्या अर्थी एकाच देण्याची दोन अंगे होती. त्यांचे भवितव्य मात्र वेगवेगळे झाले. भारत स्वतंत्र झाला, १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि नऊ वर्षांचा तो प्रयोग इतिहासजमा झाला. त्याच वर्षी, गांधीहत्येनंतर सातारा भागात उसळलेल्या दंगलींच्या पाठोपाठ, पंडित सातवळेकर औंध सोडून पारडीला गेले. १९५१ मध्ये बाळासाहेब निवर्तले. ज्याने दिले तो गेला, ज्या राज्याने दिले ते गेले, ज्या घटनेसोबत दिले तीही गेली. चित्रे मात्र डोंगरावरच राहिली. वानगीला कधीच न मिळणारे हे भाग्य. त्यासाठी आपल्याकडे दुसरा शब्द आहे, ठेव. ठेव ठेवणाऱ्याची नसते आणि सांभाळणाऱ्याचीही नसते. पुढे जो मागायला येईल त्याची ती असते.

अडचण एवढीच की ठेव मागायला कुणी तरी यावे लागते. संग्रहालयाचे दार उघडे असणे आणि माणसाने आत शिरणे यांत अंतर असते, आणि ते डोंगराच्या चढावाने मोजता येत नाही. औंधला त्याबाबत एक साथ मिळाली. अंतुबुवा जोशी यांनी आपल्या गुरूंच्या, शिवानंद स्वामींच्या, स्मरणार्थ १९४० मध्ये तेथे संगीतोत्सव सुरू केला. पुढे गजाननबुवांनी तो चालविला. अश्विन वद्यात रात्रभर गाणे ऐकलेला रसिक सकाळी डोंगराकडे वळतो. पौषात यमाईच्या यात्रेला आलेले कुटुंब पोराबाळांसह त्याच वाटेने वर जाते. मोठ्या शहरातली दालने नवनवी प्रदर्शने मांडून हंगाम घडवितात. येथे चित्रे तीच राहतात, आणि हंगाम पाहणारे बदलून येतो. एकच चित्र आजीने, आईने आणि नातीने वेगवेगळ्या यात्रांत पाहिलेले असू शकते. फिरत्या प्रदर्शनाला हे जमत नाही. फैजपूरलाही जमले नाही.

बाभुळगावात असे काही होऊ शकेल काय? आमच्याकडे पंतप्रतिनिधी नव्हते. होते ते कापसाचे अडते आणि जिनिंगचे मालक, आणि त्यांचा वानगीशी परिचय अधिक. तरीही हा प्रश्न गैरलागू नाही. बेंबळा प्रकल्पाच्या पाण्याखाली जमिनी आणि वस्त्या गेल्या. देवळाच्या भिंती, दारांच्या कोरीव चौकटी, पेरणीची तिफण, पोळ्याचा साज, जुन्या घरांतल्या तसबिरी या सगळ्या गोष्टी एका पिढीत मोडीत निघत आहेत. त्यांतले थोडे काही शाळेच्या एखाद्या खोलीत नीट मांडले, शेजारी तालुक्यातल्या चित्रकलेच्या शिक्षकांची आणि मुलांची मूळ चित्रे लावली, आणि ती खोली बाजाराच्या दिवशी उघडी ठेवली, तर संग्रहालयाची सुरुवात होते. बाजाराचा दिवस यासाठी की औंधने शिकविले ते हेच : जेथून माणूस रोज जातो तेथे चित्र ठेवावे.

नागपूरच्या १८६५ च्या प्रदर्शनात वऱ्हाडी कापसाचा नमुना हजारो लोकांनी पाहिला असेल. तो पिकविणाऱ्या कुणब्याने त्या प्रदर्शनात आणखी काय पाहिले, हे कुणी विचारले नाही. तो प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि त्याचे उत्तर नागपूर-मुंबईत मिळेल असे मला वाटत नाही.